चकती बिघडली की यंत्र?

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरातील एका शाळेचे विज्ञानशिक्षक आमच्याकडे आले. एका पिशवीत जुना लॅपटॉप, दुसरीत अकरा चकत्या. त्यांच्या विद्यार्थ्यांनी काही वर्षे रंकाळ्याच्या पाण्याचे तापमान, गढूळपणा आणि जलपर्णीचा पसारा यांच्या नोंदी ठेवल्या होत्या, छायाचित्रेही काढली होती. ते सारे या चकत्यांवर होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. लॅपटॉप त्यांपैकी सहा चकत्या नीट वाचत होता, पाच वाचत नव्हता. "पाच बाद झाल्या, टाकून द्या," असा सल्ला सरांना मिळाला होता. पण टाकायला त्यांचे मन धजत नव्हते.

ज्याअर्थी यंत्र सहा चकत्या वाचते, त्याअर्थी यंत्र ठीक आणि दोष चकत्यांचा, हे अनुमान वरवर पाहता बिनतोड वाटते. पण त्यात एक गृहीत लपलेले आहे. सर्व चकत्या एकाच रीतीने वाचल्या जातात, असे आपण न तपासता मानून चालतो.

चकती वाचली जाते म्हणजे काय होते? लेसरचा बारीक किरण खालून पारदर्शक प्लॅस्टिकमधून आत जातो, चकाकणाऱ्या थरावरून परत फिरतो आणि प्रकाशसंवेदकावर पडतो. थरावर एका सर्पिल रेषेत सूक्ष्म खळगे असतात. आपण घरी लिहिलेल्या चकतीत खळग्यांऐवजी रंगद्रव्याचे जळालेले ठिपके असतात. खळगा किंवा ठिपका आला की परतणारा प्रकाश कमी होतो. या कमी-अधिक प्रकाशातूनच मजकूर उलगडतो.

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत या सर्पिलाच्या शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांत १.६ मायक्रोमीटर अंतर असते. ती वाचायला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर पुरतो. डीव्हीडीत हेच अंतर ०.७४ मायक्रोमीटर असते. इतक्या दाट ओळींवर अवरक्त किरणाचा ठिपका मोठा पडतो, म्हणून तिथे ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर लागतो. म्हणजेच दोन्ही प्रकार वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये दोन लेसर असतात आणि त्यांतला एक थकला तरी दुसरा आपले काम करीत राहतो.

हे ध्यानात घेऊन आम्ही सरांना एवढेच विचारले, "न चालणाऱ्या पाच चकत्या कोणत्या प्रकारच्या आहेत?" त्यांनी वहीत रकाने आखले. सात सीडींपैकी सहा चालत होत्या. सातवी सुरू होऊन मध्येच अडत होती. चार डीव्हीडींपैकी एकही चालत नव्हती. मग त्यांनी दुकानातून आणलेली एक छापील डीव्हीडी लावून पाहिली. तीही चालेना! नाचता येईना अंगण वाकडे, अशी शंका आता ड्राइव्हबद्दल येऊ लागली.

भिंगावर धूळ बसली तरी असे होऊ शकते, म्हणून लॅपटॉप बंद करून आम्ही भिंग मऊ कापसाने हलकेच पुसले. फरक पडला नाही. मग अकराही चकत्या बाहेरून जोडायच्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातल्या. चारही डीव्हीडी पूर्ण वाचल्या गेल्या. सातवी सीडी मात्र तिथेही अडली. म्हणजे दोष दोन होते: एक यंत्रात, एक चकतीत. दोन्ही एकत्र आल्याने ते एकच भासत होते.

सातवी सीडी दिव्यासमोर धरली, तेव्हा कडेजवळ प्रकाशाच्या बारीक रेघा आरपार दिसल्या. कोणीतरी तिच्या वरच्या बाजूवर बॉलपेनने तारीख लिहिली होती. सीडीचा चकाकणारा थर नावाच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकचे कवच असते. तिथला लहान ओरखडा चूकदुरुस्तीच्या गणिताने भरून निघतो, वरचा ओरखडा थरच उचकटतो. (डीव्हीडीचा थर दोन प्लॅस्टिकच्या मधोमध असतो.) सीडी आतून बाहेर लिहिली जात असल्याने आतल्या बाजूच्या नोंदी एकेक करून उतरवता आल्या. कडेजवळची, त्या वर्षीच्या हिवाळ्यातली छायाचित्रे मात्र गेली.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचवितो. मोठ्या पुठ्ठ्याच्या मध्यभागी भोक पाडा आणि त्यातून तांबड्या लेसर पॉइंटरचा किरण २० सेंटिमीटरवरील, पुठ्ठ्याला समांतर धरलेल्या सीडीच्या चकाकत्या बाजूवर सरळ पाडा. पुठ्ठ्यावर भोकापासून सुमारे ९ सेंटिमीटरवर पहिला ठिपका उमटेल. डीव्हीडी धरल्यास तोच ठिपका सुमारे ३७ सेंटिमीटरवर जाईल. रेषा जितक्या दाट, तितका प्रकाश अधिक वळतो. या अंतरांवरून विद्यार्थी रेषांमधील अंतर स्वतः काढू शकतील. किरण किंवा त्याचे प्रतिबिंब कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही, याची काळजी शिक्षकांनी घ्यावी.

चकती पुसायची झाल्यास मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. गोल ओरखडा सर्पिलाच्या दिशेनेच जातो आणि सलग मजकूर पुसतो. तिथे चूकदुरुस्तीही हात टेकते.

सरांनी आता सर्व नोंदींच्या दोन प्रती केल्या आहेत. एक शाळेत आहे, दुसरी गावाच्या उंच भागातील एका घरी. २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे पूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना याचे कारण सांगायला नको. त्या पाच चकत्यांपैकी चार निर्दोष होत्या. रकाने आखायला दहा मिनिटे लागली. ती दिली नसती तर चार वर्षांचा रंकाळा कचऱ्यात गेला असता.