फाटक साडेपाचला बंद

पहाटे 5.45

ग्रास्कॉप हे दक्षिण आफ्रिकेतल्या म्पुमालांगा प्रांतातलं डोंगरमाथ्यावरचं छोटं गाव. जुलै म्हणजे इथला हिवाळा. गाडीच्या काचेवर दहिवर गोठून पापुद्रा झालाय आणि नवरा तो जुन्या एटीएम कार्डाने खरवडतोय. त्याला एवढंच काम आहे. निघायच्या आठवडाभर आधी त्याच्या लायसन्सची मुदत संपल्याचं लक्षात आलं, म्हणून दहा दिवसांची ही सगळी सहल माझ्या हातातल्या स्टिअरिंगवर चालली आहे. स्टिअरिंग उजवीकडे आणि रस्ता डावीकडून, आपल्यासारखंच, त्यामुळे फारसं बिचकायला होत नाही.

तिसऱ्या प्रवासी म्हणजे वन्सं. चंद्रपूरला तीस वर्षं शाळेत शिकवलं, वय 68, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. आमच्या गाडीत सर्वांत लांबचं त्यांनाच दिसतं. रात्रीच किटलीत पाणी उकळून त्यांनी थर्मास भरून ठेवलाय.

आजचा दिवस एकाच आकड्याभोवती फिरणार आहे: 17.30. क्रूगर राष्ट्रीय उद्यानातल्या आमच्या मुक्कामाच्या कॅम्पचं फाटक हिवाळ्यात त्या वेळेला बंद होतं. उशीर झाला तर दंड. मधे एक कडा, एक नदी, जेवण आणि अर्धं जंगल आहे.

7.10

धुकं असेल म्हणून आधी सगळ्यात लांबचं ठिकाण गाठायचं आणि परत येताना बाकीची करायची, हा बेत. आर 532 रस्ता पाइनच्या लागवडीतून जातो. ओळीत उभी झाडं, मधेच कापून बोडका केलेला डोंगर, आणि लाकडाचे ओंडके लादलेले लांबलचक ट्रक. हे जंगल नाही, शेती आहे.

कालचा महामार्ग 120 च्या वेगाचा होता. जोहान्सबर्गहून एन-4 ने येताना टोलनाके सोडले तर पाय ब्रेकवर गेलाच नाही. इथे पाटीवर 100 लिहिलंय, पण मी 70 वर आहे, कारण डांबरात खड्डे आहेत. भाड्याच्या गाडीच्या करारात टायर आणि काच विम्याबाहेर असतात. त्यांचा वेगळा विमा घ्यायचा की नाही, यावर काउंटरवर आमची दहा मिनिटं गेली होती. घेतला. या रस्त्यावर येणाऱ्याने घ्यावाच.

8.00

ब्लाइड नदीच्या दरीचा कडा. समोर तीन गोल बुरूज, माथ्यावर गवताचं छप्पर घातल्यासारखे. इथल्या गोल झोपड्यांना रोंडावेल म्हणतात, म्हणून हे ‘थ्री रोंडावेल्स’. स्थानिक लोकांची नावं वेगळी आहेत. शेजारचा सपाट माथ्याचा डोंगर म्हणजे मारिपी नावाचा राजा आणि हे तीन बुरूज म्हणजे त्याच्या तीन राण्या.

“तिघी एका रांगेत आणि हा बाजूला,” वन्सं म्हणाल्या. “ओळखीचं वाटतंय.”

खाली नदी इतकी खोल की आवाज वर येत नाही. कठड्याशी उभी राहून मी पहिल्यांदा काहीतरी नीट बघितलं. गाडी चालवणाऱ्याला निसर्ग दिसतो तो असाच, पार्किंगमध्ये.

9.15

खड्डे बघायला तिकीट काढलं.

‘बोर्क्स लक पॉटहोल्स’ म्हणजे आपल्या पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत तसे रांजणखळगे. प्रवाहाबरोबर आलेले दगडगोटे एका जागी गरगर फिरत राहतात आणि हजारो वर्षांत खडकात रांजण कोरून काढतात. निघोजला बेसॉल्ट काळा आहे, इथला खडक पिवळा-तांबडा आणि रांजणांत पाणी हिरवं. बोर्क हा सोनं शोधायला आलेला माणूस. त्याच्या स्वतःच्या वाट्याला फारसं काही आलं नाही असं सांगतात, पण नावात ‘लक’ राहिलं.

दोन नद्या इथे मिळतात, त्यांची नावं मला खड्ड्यांपेक्षा जास्त आवडली. 1844 मध्ये बोअर लोकांची एक तुकडी समुद्राकडे वाट शोधायला गेली, वेळेत परतली नाही. मागे थांबलेल्यांनी ती मेली असं समजून जिथे शोक केला त्या नदीला नाव दिलं ट्रॉयर, म्हणजे शोक. पुढे दुसऱ्या नदीकाठी ती माणसं जिवंत भेटली. ती ब्लाइड, आनंद. नवऱ्याने पुलावरून दोन्ही नद्यांचे सारखेच फोटो काढले आणि आता कोणता कशाचा हे त्याला सांगता येत नाही.

10.40

गॉड्स विंडो. कड्यावरून सखल प्रदेश दिसायला हवा, तो ‘लोवेल्ड’, ज्याच्या पलीकडच्या टोकाला क्रूगर आहे. दिसलं फक्त पांढरं. देवाची खिडकी, पण देवाने पडदा ओढलेला. बाहेर बायका मॅकॅडेमियाच्या बिया आणि लाकडी जिराफ विकत बसल्या होत्या. वीस मिनिटं थांबलो, बिया घेतल्या, निघालो.

11.30

ग्रास्कॉपला परत. हे गाव पॅनकेकसाठी प्रसिद्ध आहे. आत पालक-चीज भरलेलं जाड धिरडं समजा. त्यानंतर पेट्रोल. इथे पंपावर आपल्याकडच्यासारखाच माणूस पेट्रोल भरतो, न सांगता काच पुसतो, आणि त्याच्या हातावर काही रँड ठेवायचे असतात.

पेट्रोल भरेपर्यंत जोहान्सबर्गचा विषय निघाला. तिथे आम्ही दोन दिवस होतो आणि ते दोन दिवस अजून गाडीतच आहेत. सिग्नलला तिथे ‘रोबो’ म्हणतात. पहिल्यांदा कुणी “तिसऱ्या रोबोला डावीकडे वळा” म्हणालं तेव्हा आम्ही खरंच यंत्रमानव शोधत होतो. इतपत गंमत. पण अपार्थाइड म्युझियमच्या दारात गंमत संपली. तिकिटाबरोबर प्रत्येकाला एक वर्ग मिळतो, गोरा किंवा बिगरगोरा, कुणाला कोणता ते नशिबावर. दारंही दोन. वन्संच्या वाट्याला ‘गोरा’ आला, आमच्या दोघांच्या ‘बिगरगोरा’. सुरुवातीचा तो रस्ता मधल्या जाळीमुळे वेगळा चालावा लागतो. वन्सं पलीकडून एकट्या चालत होत्या आणि आमच्याकडे बघतही नव्हत्या. नंतर म्हणाल्या, “मला उगाचच लाज वाटली.”

दुसऱ्या दिवशी कॉन्स्टिट्यूशन हिल. हा पूर्वीचा तुरुंग. 1908 मध्ये गांधीजी इथे कैदी होते आणि पुढे मंडेलाही. आज त्याच आवारात देशाचं संविधान न्यायालय आहे. कच्च्या कैद्यांची इमारत पाडली, तिच्या विटा न्यायालयाच्या भिंतींत वापरल्या आणि तिचे जिने तसेच उभे ठेवले. मला शहरं वस्तुसंग्रहालयांमुळे लक्षात राहत नाहीत, पण त्या विटा राहिल्या.

दुपारी 1.05

घाट उतरून हेझीव्ह्यू आणि तिथून फाबेनी गेट. खाली उतरलं तसं स्वेटर निघाले. अर्ज भरायचा: नाव, गाडीचा नंबर, बंदूक आहे का. पासपोर्ट, पैसे, शिक्का. आपल्या ताडोब्यात मोहर्ली गेटवर आपली गाडी बाहेर ठेवून जिप्सीत बसायचं, सोबत गाइड. इथे गाइड नाही, चालक नाही, जाळी नाही. साधी पांढरी भाड्याची गाडी घेऊन सिंहाच्या घरात जायचं. नियम थोडेच: ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, खिडकीबाहेर हात-डोकं काढायचं नाही, डांबरी रस्त्यावर 50, मातीच्या रस्त्यावर 40.

स्कुकुझा कॅम्प इथून 38 किलोमीटर. नवऱ्याने लगेच हिशेब केला, पाऊण तास. मी काही बोलले नाही.

1.40 ते 4.00

पहिली इम्पाला हरणं दिसली तेव्हा गाडीत आरडाओरडा. पंधरा मिनिटांनी कुणी मान वळवेना. चितळांसारखंच, संख्येमुळे किंमत गेली. पार्श्वभागावर काळ्या रेघांचा ‘एम’ असतो, तेवढा बघून ठेवावा.

50 चा वेगही इथे जास्त होतो, हे पहिल्या तासात कळलं. 50 ने गेलं की फक्त हत्ती दिसतो. 30 ने कुडू दिसतो, पिळदार शिंगांचा, झुडपात निम्मा लपलेला. 20 ने धनेश दिसतो, पिवळ्या चोचीचा, आपल्याकडच्याहून लहान आणि जास्त आगाऊ. आणि आमच्या गाडीत सगळं दिसतं ते वन्संना.

“थांब. मागे घे. अजून थोडी. आता बघ, त्या वाळक्या फांदीच्या डाव्या अंगाला.”

नीलपंखाचा इथला भाऊबंद, छातीवर जांभळी छटा. मी बघेपर्यंत उडाला. मला दिसलं ते त्याचं पाठमोरं निळं. दुपारभर हेच. जिराफाची मान त्या दोघांना, मला आरशातली मागची गाडी. वॉर्टहॉगची पिल्लं शेपट्या अँटेनासारख्या उभ्या करून रस्ता ओलांडून गेली, तेव्हा मी गिअर बघत होते.

एका वारुळावर वाढलेल्या मोठ्या झाडाखाली थांबलो. वन्संनी पानं निरखून पाहिली. “हा तेंदूच्या घरातला दिसतोय.” पुस्तकात बघितलं. जॅकलबेरी, डायोस्पायरॉस प्रजाती. चंद्रपूरच्या जंगलात बिडीसाठी ज्याची पानं तोडतात त्या तेंदूचा खरोखर चुलतभाऊ. त्यांना सिंह दिसला असता तरी इतका आनंद झाला नसता.

तीन वाजता गाड्यांची रांग. पुढच्या बाकीवाल्याने (पिकअपला इथे बाकी म्हणतात) खिडकीतून बोट दाखवलं, बिबट्या, दूरच्या झाडावर. आम्ही अर्धा तास एका लोंबत्या शेपटीकडे बघत बसलो. ती शेपटी होती की फांदी, यावर गाडीत अजून दोन मतं आहेत.

4.15

वळण घेतलं आणि रस्त्यावर हत्ती.

एकटा नर, मोठा, आमच्याच दिशेने, डांबराच्या बरोबर मधून. डोळा आणि कान यांच्यामधून ओला ओघळ उतरलेला. आपल्या भाषेत हे सगळे शब्द आधीपासून आहेत: गंडस्थळ, मद, मदमस्त. ते पुस्तकात वाचलेले शब्द 60 मीटरवरून चालत येत होते. मस्तीतल्या नरापुढे करायचं एकच, वाट सोडायची. हॉर्न नाही, इंजिन बंद नाही, दिवे नाहीत. रिव्हर्स.

मागे दोन गाड्या होत्या. मी पांढरा दिवा लावून हळूहळू मागे सरकले, त्यांनाही कळलं, त्याही सरकल्या. तिन्ही गाड्या एका ओळीत उलट्या चालत, सुमारे 300 मीटर. माझे डोळे मागच्या काचेवर, आरशात, पुन्हा मागे. गाडीत कुणीच बोलत नव्हतं. मग नवरा हलकेच म्हणाला, “वळला तो.” पुढे बघितलं तर हत्ती रस्त्याच्या कडेला झाड मोडत होता आणि आमच्याशी त्याला काहीही देणंघेणं नव्हतं. मी हँडब्रेक ओढला. माझे हात थरथरत होते. वन्संनी थर्मासचं झाकण उघडून चहा पुढे केला. तेव्हा मात्र मी त्याला पूर्ण पाहिलं. सोंडेच्या टोकाला दोन बोटं असतात, आपल्या हत्तीला एकच, आणि त्या दोन बोटांनी तो सालीची एक पट्टी अगदी नीट सोलत होता. हत्तीने सोडलेल्या वाटेवरून पुढे निघायला अजून वीस मिनिटं लागली.

5.00

लेक पॅनिक या तळ्याकाठची पक्षी बघायची लाकडी कोठी स्कुकुझाच्या जवळच आहे, तिथे गाडीतून उतरता येतं. दहाच मिनिटं, असं ठरवून गेलो. पाणघोडा तळ्यात बुडी मारून डोळे तेवढे वर ठेवतो. सूर्य झाडांखाली गेला. नवरा घड्याळ दाखवत राहिला.

5.24

फाटक. सहा मिनिटं राखून. राखणदाराने हात केला, बस.

संध्याकाळी 6.30

दुकानाच्या गवती पागोळ्यांखाली फळं खाणारी वटवाघळं उलटी टांगलेली आहेत, लोक त्यांच्याखालून दूध-ब्रेड घेऊन जातात. आमच्या झोपडीपुढे ब्राय, म्हणजे इथली शेगडी. आम्ही त्यावर मक्याची कणसं आणि बटरनट भोपळा भाजला. शेजारचं कुटुंब सॉसेज भाजत होतं. त्यांनी आमच्या कणसांकडे कीव येऊन पाहिलं.

कॅम्पच्या नावाचं कोडं पाटीवर सुटलं. उद्यान 1926 मध्ये झालं, पण त्याआधीच 1902 पासून इथे जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हा वॉर्डन होता. स्कुकुझा हे त्याला त्सोंगा लोकांनी दिलेलं नाव: झाडून साफ करणारा. शिकारी चोर झाडून काढले म्हणून, असं एक सांगणं आणि इथे राहणारी माणसंही झाडून बाहेर काढली म्हणून, हे दुसरं. दोन्ही खरं आहे. उत्तर टोकाच्या पाफुरीतून 1969 मध्ये हटवलेल्या माकुलेके लोकांनी 1998 मध्ये कायद्याने आपली जमीन परत मिळवली. वन्संनी पाटी दोनदा वाचली. “त्या म्युझियमचीच ही मागची बाजू,” म्हणाल्या.

रात्री 9.00

कुंपणापलीकडून तरसाचा आवाज, खालून वर चढत जाणारा. किलोमीटरच्या काट्यावर आजचे 206. उद्या लोअर साबीपर्यंत नदीकाठचा रस्ता, 46 किलोमीटर. फाटक सहाला उघडतं. सिंह बघायचा तर साडेपाचला रांगेत गाडी लावायला हवी, असं शेजाऱ्यांनी सांगितलंय. गजर 4.50 चा.