नियंत्रण कक्ष एकत्र केले की बंब लवकर पोहोचतो का? रांगेचं गणित, कसालच्या तिठ्यावरून

समजा, कसालच्या तिठ्यावर रात्री एका दुकानाला आग लागली. शेजारच्याने फोन लावला. तो कुठे वाजायला हवा? कुडाळला? ओरोसला जिल्ह्याच्या ठिकाणी? की थेट नवी मुंबईत? प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे एक चांगला संशोधन प्रश्न दडलेला आहे. तो कसा सोडवायचा ते आज पाहू.

आधी जागा समजून घ्या. मुंबई-गोवा महामार्गावर कणकवलीहून कुडाळकडे जाताना ओरोसच्या आधी कसाल लागतं. मालवणचा फाटा इथेच फुटतो. गाव ग्रामपंचायतीचं. आपल्याकडे अग्निशमन सेवा मुख्यतः महापालिका, नगरपालिका आणि एमआयडीसी चालवतात. त्यामुळे अशा गावात बंब बहुधा बाहेरूनच येतो. प्रवासाला वेळ लागणारच, म्हणून फोनवर जाणारं प्रत्येक मिनिट महाग आहे.

आता व्यवस्था. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशा सगळ्यांसाठी देशभर ११२ हा एकच क्रमांक असावा, ही मूळ कल्पना. महाराष्ट्रात ही यंत्रणा २०२१ मध्ये सुरू झाली. मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे इथे, दुसरं नागपूरला. फोन तिथे घेतला जातो, माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि गाडी तिथून निघते. म्हणजे इथे फोन घेणं एकत्र केलंय, गाडी पाठवणं स्थानिकच ठेवलंय. हा फरक लक्षात ठेवा. 'एकत्रीकरण' या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं येतात आणि दोन्हींचे धोके वेगळे आहेत.

एकत्र करण्याच्या बाजूने

डेन्मार्कचा गणिती एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. फोनच्या रांगांचं गणित त्याने १९०९ पासून मांडायला सुरुवात केली. तेच आपण वापरू.

दोन कक्ष घ्या. प्रत्येकात एकच ऑपरेटर, तासाला सरासरी १५ फोन, एका फोनला सरासरी २ मिनिटं. फोन कधीही येतात आणि बोलण्याचा वेळ कमीजास्त होतो, अशी नेहमीची गृहीतकं धरली तर फोन करणाऱ्याला सरासरी २ मिनिटं थांबावं लागतं. आता तेच दोन ऑपरेटर एका खोलीत बसवा. तासाला फोन ३०, माणसं दोनच. सरासरी थांबणं ४० सेकंदांवर येतं! एकही माणूस न वाढवता प्रतीक्षा एक तृतीयांश झाली. कारण सोपं आहे. वेगळ्या कक्षांत एकीकडे रांग लागलेली असताना दुसरीकडचा ऑपरेटर रिकामा बसलेला असू शकतो. एकत्र बसवल्यावर हा वाया जाणारा वेळ वाचतो.

एकत्रीकरणाच्या प्रस्तावांना बळ मिळतं ते इथे, आणि हे गणित खरं आहे.

आता एक मिनिट वाढवा

फोन करणारा घाबरलेला आहे. तो मालवणीत सांगतो, "तिठ्यार दुकानाक आग लागली हा." ओरोसला बसलेल्या माणसाला एवढं बहुतेक पुरेल. दूरच्या केंद्रात विचारावं लागेल: कुठला तिठा? गाव कुठलं? तालुका कुठला? देऊळवाडी, गावठण ही नावं तर कोकणात गावोगाव सापडतात. मोबाइलवरून ठिकाण कळतं, पण ते नेहमीच दारापर्यंत नेमकं नसतं.

समजा, या विचारपूसमुळे प्रत्येक फोन २ ऐवजी ३ मिनिटांचा झाला. बाकी काहीच बदललं नाही. त्याच गणिताने एकत्र कक्षातली सरासरी प्रतीक्षा ४० सेकंदांवरून जवळपास ३ मिनिटं ५० सेकंदांवर जाते. वेगळे कक्ष होते तेव्हा ती २ मिनिटं होती! म्हणजे फोनमागे एक मिनिट वाढलं आणि सगळा फायदा उलटला. रांग सरळ रेषेत वाढत नाही. क्षमता भरत आली की ती एकदम फुगते.

अर्थात हे छोटं उदाहरण आहे. शेकडो ऑपरेटरांच्या केंद्रात आकडे वेगळे येतील आणि माणसं वाढवून रांग आवरताही येईल. पण पत्ता विचारण्यात गेलेलं मिनिट मात्र माणसं वाढवूनही परत येत नाही.

सगळीकडे एकदम फोन आले तर?

वरच्या गणितात दोन्हीकडचे फोन एकमेकांपासून स्वतंत्र धरले होते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं. अशा दिवशी कुडाळ, मालवण, वेंगुर्ला सगळीकडून एकाच वेळी फोन येणार. शेजारचे दोन कक्ष जोडून अशा वेळी फारसं काही साधत नाही, कारण रिकामा ऑपरेटर कुठेच नसतो. राज्यभराचं केंद्र असेल तर साधतं, कारण कोकणात वादळ असताना विदर्भ शांत असू शकतो. पण ते केंद्र तिठ्यापासून तितकंच लांब. खरा पेच हा आहे: कक्ष जितका मोठा, तितकी रांग लहान आणि तितकंच गाव अनोळखी.

पर्यायी कक्षाला काय माहीत असतं?

१४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली. लंडनच्या कक्षात न मावलेले फोन इतर भागांतल्या कक्षांनी घेतले. फोन उचलले गेले, पण तिथल्या ऑपरेटरांना आगीची ताजी स्थिती माहीत नव्हती. पर्यायी कक्ष असणं पुरेसं नाही, त्याला तीच माहिती त्याच क्षणी मिळायला हवी. नागपूरचं केंद्र महापेला पर्याय म्हणून तपासायचं तर हाच प्रश्न विचारावा लागेल.

इंग्लंडनेच ४६ अग्निशमन कक्षांच्या जागी ९ प्रादेशिक कक्ष आणायची योजना २००४ मध्ये सुरू केली होती. डिसेंबर २०१० मध्ये ती रद्द झाली. तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या हिशेबाने किमान ४६.९ कोटी पौंड वाया गेले.

पण इथे सावध राहा. २२ मे २०१७ च्या मँचेस्टर स्फोटानंतर बंब घटनास्थळी पोहोचायला दोन तासांहून जास्त लागले. तिथला कक्ष चार भागांचा एकत्रित होता. लगेच 'एकत्रीकरणाने घात केला' असं लिहावंसं वाटेल. चौकशीत मात्र कक्षाबरोबरच अग्निशमन अधिकाऱ्यांच्या निर्णयांवरही ठपका आला. एका दुर्घटनेवरून कारण सिद्ध होत नाही.

तुम्ही हा विषय घेतलात तर

'फोन सरासरी किती सेकंदांत उचलला' हा आकडा सहज मिळतो, म्हणून तोच मोजू नका. फोन वाजल्यापासून बंब ठाण्याबाहेर पडेपर्यंतचा पूर्ण वेळ मोजा आणि त्यातला पत्ता कळेपर्यंतचा वेळ वेगळा काढा. सरासरीबरोबर सर्वांत उशिराचे ५ टक्के फोन पाहा, कारण जीव तिथे जातात. वादळाचे दिवस वेगळे ठेवा. शहर आणि ग्रामपंचायती वेगळ्या मांडा, नाहीतर मुंबई-पुण्याच्या आकड्यांत कसाल बुडून जाईल. बदलाआधीचे आणि नंतरचे आकडे ताडताना, जिथे तो बदल अजून झालेला नाही असा एखादा भागही शेजारी ठेवा.

एवढं केलंत तर 'एकत्र करावं की नाही' हा वादाचा विषय मोजता येईल असे तीन प्रश्न होतो: फोन किती वेळात उचलला, जागा किती वेळात कळली, आणि यंत्रणा कोलमडली तेव्हा दुसऱ्याला काय माहीत होतं. प्रबंधाच्या आराखड्यात हे तिन्ही वेगळे लिहा. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवलं, तर त्याची किंमत तिठ्यावर बंबाची वाट पाहणारा मोजतो.