गाडी झटके का मारते?

मित्रांनो, अशी कल्पना करा. वाशीमहून मालेगावकडे जाणारा रस्ता आहे. दादा मोटारसायकल चालवतोय आणि तुम्ही मागे बसला आहात. समोर सोयाबीनची पोती भरलेला ट्रक चाललाय. तो मागे टाकायला दादा एक्सिलेटर पिळतो, आणि गाडी पळायच्या ऐवजी गचके खायला लागते! समोरून एसटी येतेय. आता?

आता काहीही न करता ट्रकच्या मागेच राहायचं, हे पहिलं उत्तर. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला खरा, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणजे मोटारसायकलला ट्रक-ट्रॅक्टरांच्या सोबतीनं जुन्याच रस्त्यांनी जावं लागतं. अशा रस्त्यावर ऐन वेळी दगा देणारी गाडी म्हणजे नुसती कटकट नव्हे, जिवाशी खेळ आहे.

दुसरं उत्तर गॅरेजात मिळतं. तिथं आपण सांगतो, “काका, गाडी झटके मारून राहिली.” मिस्त्रीकाका चांगले असतील, तर लगेच पाना हातात घेत नाहीत. उलट तेच विचारतात, “केव्हा मारते?” या एका प्रश्नात अर्धं निदान आहे बरं का! थंड असताना की तापल्यावर? पेट्रोल भरल्यापासून की पाऊस झाल्यापासून? रिकामी असताना, की डबलसीट चढावर? हे मिस्त्रीकाकांना दिसणार नाही. ते तुमच्या घरच्यांनाच ठाऊक असतं.

झटके मुळात दोन घरचे. एक इंजिनाचे, दुसरे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या भागांचे. ते ओळखायची एक युक्ती आहे. मोकळ्या रस्त्यावर दादाला एकाच वेगात, समजा ताशी ४० किलोमीटरला, आधी तिसऱ्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवायला सांगा. गिअर बदलल्यावर झटक्यांची चाल बदलली तर संशय इंजिनावर. दोन्ही गिअरमध्ये झटके सारखेच राहिले तर चेन नाहीतर चाक बघा. (चालवणारा लायसनवालाच हवा हं! तुम्ही कान द्यायचे.)

इंजिनातला पहिला संशयित स्पार्क प्लग. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर त्यात ३००० वेळा पेट्रोल पेटतं. म्हणजे सेकंदाला ५० वेळा! त्यातली चार-पाच ठिणगी चुकली की गचका बसलाच. मग गाडी उभी असताना हे का कळत नाही? एक्सिलेटर पिळला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलची दाटी होते, दाब वाढतो. दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारणं अवघड जातं. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत गर्दीतून वाट काढताना आपली जी गत होते, तीच. प्लग झिजला की त्याच्या दोन टोकांमधली फट वाढते. मग अशक्त ठिणगी मोकळ्यात उडते, पण दाटीत हरते.

प्लग काढला की तो बोलतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढायचा. टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त, हवा कमी. ओलं, तेलकट काळं दिसलं तर इंजिनात ऑइल जळतंय, आणि हे दुखणं मोठं. पांढरा फटक पडला असेल तर उलटा प्रकार. पेट्रोल कमी पडतंय, प्लग तापतोय.

काजळी दिसली की नवा प्लग टाकून मोकळे होऊ नका. एअर फिल्टर बघा. सोयाबीनची मळणी सुरू झाली की थ्रेशरचा भुसा आणि धूळ हवेत किती उडते, हे मी तुम्हाला काय सांगणार! गाडी त्याच हवेत श्वास घेते. फिल्टर तुंबला की तिचा जीव गुदमरतो. स्पंजाचा फिल्टर धुता येतो. तेल लावलेला कागदी फिल्टर मात्र धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

पाऊस झाल्यापासून झटके येत असतील तर पेट्रोलमधलं पाणी शोधायचं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या देशानं हे प्रमाण २०२५ साली गाठलं. इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. टाकीत पाणी जास्त शिरलं, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्यासोबत तळाला जातं, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच ओढते! जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत खालचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढतात. तळाशी वेगळा थर दिसला की चोर सापडला. हे काम मोठ्या माणसाचं, उघड्यावर आणि विडी-काडीपासून लांब.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. तिथं मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहिला तर स्कॅनर लावून बघतात. तरी प्लग आणि फिल्टर तिथंही आहेतच. एमएच ३७ची नवी गाडी असो, की वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा होण्याआधीची एमएच ३०ची, ठिणगी दोघींनाही लागते.

इंजिन निर्दोष ठरलं तर चेनकडे वळा. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, किल्ली खिशात! मागचं चाक हातानं हळूहळू फिरवा आणि चेन जागोजाग वरखाली करून बघा. एका जागी ताठ, दुसरीकडे लोंबती असेल, तर ती असमान ताणली गेली आहे. काळ्या मातीचा चिखल वाळून कड्यांत बसला की असं लवकर होतं. चक्रीचे दात एका बाजूला वाकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही चक्र्या एकदमच बदलतात. नव्या चेनला जुनी चक्री लवकर खाते.

गाडी फक्त सुटताना थरथरत असेल, एकदा चालू लागल्यावर नाही, तर क्लच प्लेट बघायला सांगा. जीपमध्ये हाच थरथराट पुष्कळदा इंजिनाच्या फाउंडेशन रबरांमुळे किंवा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमुळे येतो. क्रॉस गेला असेल तर गिअर टाकताना खालून ‘टण्’ असा आवाज येतो. पुढच्या वेळी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसाल तेव्हा ऐका. आणि ऐकू आलाच, तर ड्रायव्हरकाकांना जरूर सांगा.