कपाटात आहे, पडद्यावर नाही

ग्रंथालयातल्या संगणकावर एखादा वाचक ‘वाऱ्यावरची वरात’ टाइप करतो आणि ‘एकही नोंद आढळली नाही’ असं उत्तर येतं. पुलंचं पुस्तक मात्र चार पावलांवरच्या कपाटात असतं. त्याची नोंदही झालेली असते.

गोम ‘ऱ्या’मध्ये आहे. हा आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह आणि ‘य’. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणक मात्र त्यामागचे आकडे वाचतो, त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. नोंद करणाऱ्याचा कीबोर्ड एका पद्धतीचा आणि वाचकाचा दुसऱ्या पद्धतीचा असला, की चुकामूक झालीच. अत्र्यांचं ‘कऱ्हेचे पाणी’ही याच कारणाने हरवतं. युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरण ‘र’ आणि सुटा नुक्ता यांचा ‘ऱ’ करतं, पण झेडडब्ल्यूजेचं रूप तसंच सोडून देतं. म्हणून नोंदींची सूची तयार होताना आणि वाचकाने शब्द टाकल्यावर, अशा दोन्ही वेळी ही रूपं एकाच साच्यात आणावी लागतात. नियम छोटासाच आहे, पण तो रोज मराठी लिहिणाऱ्यालाच सुचणार.

शुद्धलेखनाचा अडसर याहून जुना. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ग्रंथपाल मात्र शीर्षक छापल्याबरहुकूम उतरवतो, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे हरिभाऊ आपट्यांची कादंबरी ‘पण लक्षांत कोण घेतो’ अशी नोंदली जाते आणि आजची विद्यार्थिनी ‘लक्षात’ शोधत बसते. अनुस्वार बाजूला ठेवून जुळवणी करता येते. त्यात काही नको असलेली नावंही येतील, ती यादीत खाली ढकलावीत. रिकाम्या पडद्यापेक्षा हे केव्हाही बरं.

तालिकापत्रांच्या जुन्या खणांत निदान लेखकांच्या नावांची सोय होती. ‘कुसुमाग्रज’ आणि ‘शिरवाडकर’ यांतलं एक पत्र काढलं, की ‘पाहा’ म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवलेलं असे. न्यूझीलंडमध्ये २००० साली वापरात आलेल्या आणि भारतातही रुजलेल्या ‘कोहा’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आजही आहे. फक्त त्यासाठीच्या नोंदी भरायला जाणकार माणूस बसवावा लागतो.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत १९६२ पासून पीएल-४८० या तिथल्या सरकारच्या योजनेतून मराठी पुस्तकं जाऊ लागली. तिथल्या नोंदी रोमन लिपीत असतात, आणि न उच्चारलेला ‘अ’ही त्यांत लिहिला जातो. तुकारामाच्या शेवटी एक जादा ‘ए’ लागतो. देशपांड्यांच्या ‘श’मध्ये ‘एच’ नसतो, नुसत्या ‘एस’वर रेघ असते. तिकडे वाढलेली नात आजीने सांगितलेलं पुस्तक शोधताना आडनाव घरच्या स्पेलिंगने टाकते आणि हात हलवत परतते. मार्क या संगणकीय ग्रंथनोंदीच्या पद्धतीत ८८० क्रमांकाचा रकाना मूळ लिपीसाठीच ठेवलेला आहे. तो भरलेला असेल, तर तिला फोनवरच्या मराठी कीबोर्डने थेट ‘देशपांडे’ लिहिता येतं.