बोटातून पार झालेला प्रकाश काय सांगतो?

करोनाच्या साथीच्या काळात, म्हणजे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, एक छोटेसे उपकरण घराघरांत जाऊन पोहोचले. कपडे वाळत घालताना लावतो त्या चिमट्यासारखे ते दिसते. बोटाला लावले की काही क्षणांत त्यावर ९७ किंवा ९८ असा आकडा उमटतो. हा पल्स ऑक्सिमीटर. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली, तेव्हा आरोग्यसेवक आणि आशा कार्यकर्त्या हेच उपकरण घेऊन दारोदार फिरल्या. रुग्णाला घरीच ठेवायचे की रुग्णालयात हलवायचे, याचा निर्णय पुष्कळदा त्या एका आकड्यावर होत असे.

हा आकडा येतो कोठून? सुई टोचावी लागत नाही, रक्ताचा थेंबही काढावा लागत नाही. मग रक्तातला ऑक्सिजन मोजला जातो कसा? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की या आकड्यावर विश्वास कितपत ठेवावा? या दुसऱ्या प्रश्नावर अलीकडे बरेच संशोधन झाले आहे. ते समजून घेण्यास, विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शाळेत शिकता तेवढे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

रक्ताचा रंग का बदलतो?

ऑक्सिजन पाण्यात फारच थोडा विरघळतो. शंभर मिलिलिटर रक्तात नुसता विरघळून राहिलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर भरतो. एवढ्यावर आपले शरीर चालणे शक्य नाही. म्हणून तांबड्या पेशींमध्ये हीमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात व प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धरून ठेवतो. हीमोग्लोबिनचा रेणू म्हणजे चार आसनांची गाडीच म्हणा ना! सर्व गाड्यांतील एकूण आसनांपैकी शेकडा किती आसने भरलेली आहेत, त्या आकड्याला ऑक्सिजन-संपृक्तता म्हणतात. समुद्रसपाटीजवळ राहणाऱ्या निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्तात ती साधारण ९५ ते १०० टक्के असते.

ऑक्सिजनने भरलेले हीमोग्लोबिन लालभडक दिसते, तर रिकामे झालेले काळपट जांभळ्या छटेचे. १८६४ साली केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी दाखवून दिले, की ऑक्सिजन काढून घेतला व पुन्हा दिला असता रक्ताचा वर्णपट बदलतो आणि पूर्ववत होतो. द्रवातून पडणाऱ्या गोळीच्या वेगाचा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे स्टोक्स.

रंग बदलतो याचा अर्थ प्रकाशाचे शोषण बदलते. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश रिकामे हीमोग्लोबिन भरलेल्यापेक्षा सुमारे दहापट अधिक शोषते. डोळ्यांना न दिसणाऱ्या ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात मात्र उलट घडते; तेथे भरलेले हीमोग्लोबिन अधिक शोषण करते. तेव्हा दोन्ही प्रकाश रक्तातून पाठवावेत आणि कोणता किती अडला याची तुलना करावी, म्हणजे किती आसने भरली आहेत हे कळेल. उपाय सोपा वाटतो. पण तो प्रत्यक्षात येण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

बोट म्हणजे परीक्षानळी नव्हे

परीक्षानळीत रक्ताशिवाय दुसरे काही नसते. बोटात किंवा कानाच्या पाळीत त्वचा आहे, मांस आहे, शिवाय ऑक्सिजन देऊन परत निघालेले अशुद्ध रक्तही आहे. हे सर्वच प्रकाश अडवतात. आपल्याला हवे असते ते फक्त रोहिण्यांतील रक्त. त्याचा वाटा वेगळा कसा काढायचा?

१९३५ साली जर्मनीत कार्ल माथेस यांनी दोन तरंगलांब्या वापरून कानाच्या पाळीवर असे मापन केले. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर जाणाऱ्या वैमानिकांची शुद्ध हरपू लागली, तेव्हा ग्लेन मिलिकन यांनी कानाला लावायचे उपकरण बनवले व त्याला 'ऑक्सिमीटर' हे नाव दिले. इलेक्ट्रॉनवरील विद्युतभार मोजणारे रॉबर्ट मिलिकन यांचे हे चिरंजीव. परंतु ही उपकरणे वापरण्यास अवघड होती. पाळी गरम करावी लागे, प्रत्येक माणसासाठी यंत्र नव्याने जुळवावे लागे. रोजच्या रुग्णसेवेत ती रुळली नाहीत.

नको असलेली नाडी कामी आली

ही अडचण जपानमध्ये ताकुओ आओयागी या अभियंत्याने सोडवली, आणि तीही दुसरेच काम करताना. हृदय दर मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते, हे मोजण्याची एक पद्धत आहे. शिरेत रंगद्रव्य सोडायचे आणि ते कानाच्या पाळीत कसे येते व कसे ओसरते, हे प्रकाशाच्या साहाय्याने पाहायचे. आओयागी यांना हा आलेख गुळगुळीत हवा होता. पण त्यावर नाडीच्या ठोक्यांच्या लाटा उमटत. त्या घालवण्यासाठी त्यांनी रंगद्रव्य न शोषणारा अवरक्त प्रकाशही सोडला व एका आलेखातून दुसरा वजा केला. लाटा गेल्या. परंतु रक्तातील ऑक्सिजन कमी झाला की ही वजाबाकी बिघडे आणि लाटा पुन्हा डोके वर काढीत.

दुसऱ्या कोणी याला यंत्राचा दोष म्हटले असते. आओयागी यांनी त्याचा अर्थ शोधला. ठोक्यागणिक फुगतात आणि ओसरतात त्या फक्त रोहिण्या. त्वचा, मांस व शिरांतील रक्त जवळजवळ स्थिर असते. म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा जो थोडासा भाग नाडीबरोबर कमी-अधिक होतो, तो केवळ रोहिणीतील रक्ताबद्दल बोलतो! ज्या लाटा पुसून टाकायच्या होत्या, त्याच मोजायच्या होत्या. १९७४ साली त्यांनी ही कल्पना जपानमधील एका परिषदेत मांडली. पुढे प्रकाश देणारे छोटे डायोड आणि गणित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चकत्या स्वस्त झाल्या, आणि १९८० च्या दशकात हे उपकरण शस्त्रक्रियागृहात भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताशी आले. आओयागी यांचे निधन एप्रिल २०२० मध्ये झाले. त्या वेळी जगभर करोनाच्या रुग्णांच्या बोटांना त्यांचेच तत्त्व लावलेले होते.

आकडा कसा तयार होतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, तांबड्या प्रकाशाचे १००० एकक बोटातून पार होतात व त्यांपैकी १० एकक नाडीबरोबर कमी-जास्त होतात. म्हणजे हा हलता भाग एक-शतांश झाला. अवरक्त प्रकाशात १००० पैकी २० एकक हलतात, म्हणजे दोन-शतांश. पहिल्याला दुसऱ्याने भागले की गुणोत्तर आले ०.५.

आता एक ढोबळ सूत्र सांगितले जाते : ११० मधून गुणोत्तराची २५ पट वजा करा. ११० − १२.५ = ९७.५. झाला आकडा तयार! गुणोत्तर १ आले तर उत्तर ८५ येईल. बोट सारखे हलत असेल, तर त्या हालचालीने दोन्ही प्रकाश सारखेच कमी-जास्त होतात व गुणोत्तर १ कडे सरकते. म्हणून अस्वस्थ रुग्णाच्या बोटावर कधी कधी खोटा ८५ दिसतो.

पण ११० आणि २५ हे अंक कोठून आले? ते निसर्गनियमातून निघालेले नाहीत. बोटात प्रकाश सरळ जात नाही, सारखा विखुरतो. त्यामुळे शुद्ध सिद्धान्तावरून काढलेले उत्तर चुकते. म्हणून यंत्र बनवणारे दुसरा मार्ग धरतात. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजन असलेली हवा श्वासावाटे देतात, वेळोवेळी त्यांच्या रोहिणीतील रक्त काढून प्रयोगशाळेत संपृक्तता मोजतात आणि त्याच क्षणी यंत्रातले गुणोत्तर किती होते, याची नोंद करतात. या नोंदींचे कोष्टक यंत्राच्या स्मृतीत भरलेले असते. माणसाला धोका नको म्हणून हे प्रयोग सुमारे ७० टक्क्यांपर्यंतच नेतात. त्याखालचे आकडे अंदाजाने पुढे वाढवलेले असतात.

थोडक्यात, ऑक्सिमीटर ऑक्सिजन मोजतच नाही. तो प्रकाश मोजतो, आणि 'असा प्रकाश पूर्वी ज्यांच्या बोटातून आला, त्यांच्या रक्तात इतका ऑक्सिजन होता' एवढेच सांगतो.

कोष्टक कोणाच्या बोटांचे?

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. ती बोटे होती कोणाची? बराच काळ असे स्वयंसेवक प्रामुख्याने गोऱ्या वर्णाचे असत.

तुम्ही म्हणाल, त्याने काय बिघडले? त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य ठोक्याबरोबर हलत नाही. त्याने निम्मा प्रकाश अडवला, तर १००० च्या जागी ५०० एकक पार होतील आणि १० च्या जागी ५ हलतील. एक-शतांश तो एक-शतांशच राहील. शंका अगदी रास्त आहे, आणि पुष्कळांचा समज तसाच होता. मात्र डायोडचा प्रकाश नेमका ६६० नॅनोमीटरचा नसतो. त्यात आजूबाजूच्या तरंगलांब्याही मिसळलेल्या असतात. मेलॅनिन त्यांपैकी आखूड तरंगलांब्या अधिक शोषते, त्यामुळे पार होणारा प्रकाश किंचित लांब तरंगलांबीकडे झुकतो. तेथे रिकामे हीमोग्लोबिन कमी शोषण करते. गुणोत्तर लहान येते आणि यंत्राला वाटते, की आसने भरलेली आहेत! शिवाय एकूण प्रकाशच कमी मिळाल्याने हलणारा बारीक भाग अचूक टिपणेही अवघड जाते.

या दोषाचा इशारा १९९० मध्ये व पुन्हा २००५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दिला होता. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील मायकेल सोडिंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना, म्हणजे फारशी काळजी नाही असे सांगत असताना, रक्ताच्या तपासणीत संपृक्तता ८८ हूनही कमी निघाली, असे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडले. कृष्णवर्णीय रुग्णांत हेच प्रमाण ११.७ टक्के होते. सुमारे तिप्पट! हा फरक कागदावरचा नाही. ऑक्सिजन कधी लावायचा, खाट कोणाला द्यायची, हे त्या आकड्यावर ठरत होते.

या अभ्यासालाही एक मर्यादा होती. त्यात रुग्णांचा वर्ण रुग्णालयाच्या नोंदींवरून घेतला होता. त्वचेची छटा प्रत्यक्ष मोजली नव्हती. म्हणून नंतरच्या संशोधनात छटाच मोजण्यावर भर दिला गेला. ब्रिटनमध्ये वैद्यकीय उपकरणांतील अशा विषमतेची स्वतंत्र चौकशी झाली व तिचा अहवाल मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ च्या सूचनांत किमान दहा स्वयंसेवक आणि त्यांत गडद वर्णाचे किमान दोन, एवढेच सुचवले होते. जानेवारी २०२५ मध्ये काढलेल्या नव्या मसुद्यात स्वयंसेवकांची संख्या किमान दीडशेवर नेली असून, सर्व छटांच्या लोकांचा समावेश करण्यास सांगितले आहे.

आपल्या देशात तर एकाच वर्गात गव्हाळ, सावळ्या, काळ्यासावळ्या सर्व छटांची मुले बसतात. तेव्हा हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देता येणार नाही.

आकडा जे सांगत नाही

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो व तो हीमोग्लोबिनची आसने बळकावतो. असे हीमोग्लोबिनही लालभडकच असते. तांबड्या प्रकाशात ते ऑक्सिजनने भरलेल्यासारखे भासते. म्हणून माणूस गुदमरत असताना ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतो.

दुसरी गोष्ट रक्तक्षयाची. संपृक्तता ही टक्केवारी आहे. ती गाड्या किती हे सांगत नाही. एक ग्रॅम हीमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. शंभर मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हीमोग्लोबिन असेल, तर ९८ टक्के संपृक्ततेला जवळजवळ २० मिलिलिटर ऑक्सिजन भरतो. हीमोग्लोबिन ७ ग्रॅमच असेल, तर ९ मिलिलिटरच्या आसपास. दोघींच्याही बोटावर आकडा मात्र एकच : ९८! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्यांच्यातील उणीव ऑक्सिमीटरला दिसत नाही. त्यासाठी रक्त तपासावेच लागते.

मग हे उपकरण टाकून द्यावे काय? मुळीच नाही. त्याने असंख्य रुग्ण वेळीच सावध केले आहेत. फक्त ते योग्य रीतीने वापरावे. बोट गरम असावे, हात स्थिर असावा, नखावर गडद रंग नसावा. एका आकड्यापेक्षा तो कसा बदलत जातो ते पाहावे. आणि धाप लागली असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा कितीही चांगला असो, डॉक्टरांना गाठावे.

करून पाहा : अंधाऱ्या खोलीत साध्या विजेरीच्या काचेवर बोट घट्ट टेकवा. बोट लाल चमकेल. लेसरचा दिवा मात्र वापरू नका. आता काचेवर आधी हिरवा व मग तांबडा जिलेटिन कागद लावून तेच करा. कोणता प्रकाश पार होतो? आणखी एक निरीक्षण करा : बोटातील हाडाची सावली दिसते का? दिसत नसेल, तर का दिसत नाही, याचा वर्गात विचार करा.