सुरुंगाच्या खुणांचा शोध

बीजक सापडावे, त्यातील खुणा उलगडीत जावे आणि अखेरीस मोहरांचा हंडा हाती लागावा, ही कल्पना लहानथोरांना सारखीच मोह घालते. या जुन्या हौसेला आता नवे रूप लाभले आहे. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांवरून मिळणारे स्थाननिर्देश सर्वांसाठी अधिक अचूक केले. लगेच ३ मे रोजी ओरेगन राज्यात एका हौशी गृहस्थाने रानात वस्तू लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ‘जिओकॅशिंग’ या खेळाचा हा आरंभ होय. २००४ पासून त्याचा एक भूशास्त्रीय प्रकारही रूढ झाला. त्यात काही लपविलेले नसते. नेमल्या जागी जाऊन भूमीचे निरीक्षण करावयाचे व प्रश्नांची उत्तरे शोधावयाची.

अशा सहलीस बेंगळुरूचा परिसर फार सोयीचा आहे, कारण हे शहर खडकावरच वसले आहे. नैऋत्येस सुमारे ५० किलोमीटरवर रामनगरचे ग्रॅनाइटचे डोंगर लागतात. अशा प्रदेशात रस्ता न्यावयाचा म्हणजे खडक फोडणे आले. पूर्वी वडार व पाथरवट घण, छिन्नी आणि पहार यांनी तो फोडीत. आता यंत्राने ओळीने भोके पाडतात, त्यांत स्फोटक भरून तोंडे खडी-मातीने बुजवितात आणि सुरुंग उडवितात. मात्र सारे सुरुंग एकदम उडवीत नाहीत. एका ओळीनंतर दुसरी, सेकंदाच्या शतांशाएवढ्या अंतराने उडते. पुढचा दगड सुटला की मागच्यास जागा मिळते आणि जमिनीस बसणारा हादराही कमी होतो.

मुलांना शोधावयास सांगावे ते याच कौशल्याचे चिन्ह. रस्त्याच्या कडेला तासलेल्या कातळात कधी कधी उभ्या, अर्धगोल पन्हळी समांतर दिसतात. ती सुरुंगाच्या भोकांची उरलेली अर्धी बाजू होय. कड नीट राहावी म्हणून तेथे जवळजवळ भोके पाडून बेताचेच स्फोटक भरलेले असते. पन्हळ जितकी अखंड, तितका मागचा कातळ कमी दुखावलेला. मात्र हे निरीक्षण वाहत्या महामार्गापासून दूर, सुरक्षित जागेवरूनच करावे. काम चालू असेल, लाल निशाण किंवा भोंगा असेल, तेथे मुळीच जाऊ नये. पडलेल्या तारेस वा नळकांड्यास हात लावू नये.

सहलीची अखेर लालबागेत करावी. तेथील टेकडीवर केंपेगौडांचा बुरूज आहे; खालचा पट्टिताश्म सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण अवघा साडेसहा कोटी वर्षांचा! म्हैसूरच्या भूगर्भ खात्यातील स्मीथ यांनी १९१६ साली या जातीच्या खडकास ‘पेनिन्सुलर नीस’ हे नाव दिले. आज ही टेकडी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. २०२५ साली हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या नियोजित बोगदा-रस्त्यासाठी लालबागेची काही जागा घेण्याचा विचार पुढे आला, तेव्हा याच खडकाच्या काळजीने अनेक नागरिकांनी विरोध नोंदविला.

रस्ते हवेतच, त्यांवाचून दवाखाना, शाळा आणि बाजार जवळ येत नाहीत. पण फुटलेला खडक पुन्हा सांधत नाही. तेव्हा टेकडीवर बसून मुलांना शेवटचा प्रश्न विचारावा : कोणता दगड फोडावा आणि कोणता राखावा? याचे उत्तर अक्षांश-रेखांशांत नाही. ते घरी परतताना सर्वांनी मिळून शोधावे.