पुस्तक वर्गात उतरल्यावर

मुलुंड किंवा घाटकोपरच्या मराठी शाळेतला एखादा सेमी-इंग्रजी वर्ग पाहावा. गणित आणि विज्ञानाच्या तासाला मुलांपुढे इंग्रजी माध्यमाचीच पुस्तकं असतात. इंग्रजीच्या तासाला मात्र ‘माय इंग्लिश बुक’ उघडतं. मुलाच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही, हे धरून केलेलं. एक पुस्तक व्याख्या आणि सिद्धांत सांगतं, दुसरं त्याच मुलाला गोष्टी-संवादांतून बोलतं करू पाहतं. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. मधली दरी भरायचं काम येतं इंग्रजीच्या बाईंवर, आणि म्हणूनच या पुस्तकाबद्दल त्यांचं मत सर्वांत मोलाचं.

हे पुस्तक काढणाऱ्या बालभारतीची स्थापना 1967 ची. मराठी शाळांत इंग्रजी तेव्हा आणि पुढेही कित्येक वर्षं पाचवीपासून असे. 2000 साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात ते पहिलीपासून आलं आणि पुस्तकाचा वाचकच बदलला: दहा वर्षांच्या मुलाऐवजी सहा वर्षांचा. शिकवणारेही बदलले. पहिलीच्या बाई सगळेच विषय घेतात. त्या इंग्रजीच्या खास शिक्षिका नसतात.

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. अंधेरीच्या उर्दू वर्गातल्या मुलाला इंग्रजीचं पान उलट्या बाजूनं उघडावं लागतं, अक्षरंही डावीकडून काढावी लागतात. बोरिवलीच्या गुजराती किंवा मराठी वर्गात ही अडचण नसते. पुस्तक तपासताना कार्यालयात बसून भरलेल्या तक्त्यात असली गोष्ट सहज निसटते; ती दिसते पुस्तक वर्गात वापरल्यावरच.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक रॉड एलिस यांनी 1997 मध्ये ‘ईएलटी जर्नल’मधल्या लेखात नेमका हाच भेद केला होता: पुस्तक वापरण्याआधी केलेलं मूल्यमापन वेगळं, वापरून झाल्यावरचं वेगळं. पहिल्यात अंदाज असतो, दुसऱ्यात वर्गातला अनुभव. पहिल्याच्या याद्या भरपूर तयार झाल्या; दुसऱ्याकडे फार कमी लक्ष गेलं, ही त्यांची तक्रार होती.

त्यातही पुस्तकाचं यश त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. 2018-19 मध्ये दहावीला नवी पुस्तकं आली आणि त्याच वर्षी भाषांचे तोंडी परीक्षेसह अंतर्गत 20 गुण काढले गेले. राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले. ज्या वर्षी बोलण्याला गुणच नव्हते, त्या वर्षी पुस्तकातले बोलण्याचे उपक्रम मागे पडले, तर दोष पुस्तकाचा कसा मानायचा?

वापरानंतरची तपासणी आपल्याकडे अशक्य मुळीच नाही. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून 2023-24 पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली. मुलं तरीही वेगळ्या वह्या आणतच राहिली, हे दिसल्यावर जानेवारी 2025 मध्ये शासनानं तो निर्णय मागे घेतला. कोऱ्या पानांबद्दल जे झालं, ते छापील पानांबद्दलही व्हायला हवं. एप्रिलमध्ये प्रत्येक इंग्रजी शिक्षकाला थेट विचारावं: कोणता पाठ मुलांनी आपणहून पुन्हा वाचला, कोणता समजावण्यासाठी सबंध तास मराठीतच बोलावं लागलं, विज्ञानाच्या पुस्तकातले कोणते शब्द इंग्रजीच्या तासाला शिकवावे लागले, कोणता उपक्रम भरलेल्या वर्गात जमलाच नाही. उर्दू, गुजराती, मराठी आणि सेमी वर्गांची उत्तरं एकत्र करून सरासरी काढू नये. ती वेगवेगळीच लेखकमंडळापुढे ठेवावीत.